क्विन्सचा मोरांबा

परवा आमच्या शॉमबर्ग गावच्या बाजारात पिकलेल्या क्विन्सचा वास आला आणि मी तिथेच थबकले. स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत असताना मी एका निवृत्त डॉक्टर काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. त्यांचे यजमान, म्हणजे काका, त्याच वर्षी वसंतात वारले होते आणि तेव्हापासून काकूंनी गोड सोडलं होतं. काकांनी परसात लावलेल्या क्विन्सच्या झाडाला त्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच फळं धरली. पेरूसारखी पिवळी, अंगावर मऊ लव, वास गुलाबाचा, पण कच्ची चावली तर तोंड तुरट. "टाकून दे, कोण खाणार?" काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "मोरांबा ट्राय करू या ना, काकू." त्या सुरी घेऊन बसल्या. साखर आणि लवंगा घालून फोडी मंद आचेवर दुपारभर शिजल्या. बाहेर मेपलची पानं सावकाश गळत होती आणि पातेल्यातला फिका रंग हळूहळू गुलाबी, मग जास्वंदीसारखा लाल होत गेला. काकू डाव हातात धरून बघत राहिल्या. "असा रंग येतो हे त्यांना माहीत असेल का गं?" मी फडताळातून वाट्या काढून दिल्या. काकूंनी तीन वाट्या भरल्या, एक काकांच्या खुर्चीसमोर ठेवली. स्वतःची वाटी डोळे मिटून, चवीचवीने संपवली. मग थोड्या वेळाने काकांची वाटीही पुढे ओढली. "त्यांना शुगर होती," त्या म्हणाल्या, आणि तीही खाल्ली. अजूनही कधी डोळा लागता लागता मला काकूंपुढच्या त्या दोन रिकाम्या वाट्या दिसतात, आणि झोप गोड लागते.