माइक चालू होता

"माय, माले भ्याव वाटस. तू आठेच थांब."

भीती वाटते, इथेच थांब, असं मी माझ्या आईला आमच्या अहिराणीत म्हटलं. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्याचं स्नेहसंमेलन होतं. मी पडद्यामागे उभी होते, आई शेजारी. गरम पाण्याचा थर्मास तिच्या हातात, माइक माझ्या हातात. तो बंद आहे असं मी धरून चालले होते.

तो चालू होता.

माझी भीती सगळ्या सभागृहाने ऐकली. हशा पिकला. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, निवेदनही स्वतःच करायचे. गंगापूर रोडच्या सधन वस्तीतलं घर, घरात दोन पिढ्यांचं गाणं, बोलणं अगदी स्वच्छ. त्यांनी संधी सोडली नाही.

"ही आमची इंटरनॅशनल सिंगर. पंजाबी गाते, तमिळ गाते, अरबीसुद्धा गाते. फक्त मराठी तेवढं येत नाही."

टाळ्या पडल्या. पडदा सरकला. त्या हसणाऱ्या तोंडांसमोर मी पंजाबी गाणं गायले. एक शब्द चुकला नाही.

कामाची माणूस आहे मी, क्रमाने सांगते. आम्ही सटाण्याकडचे. घरात अहिराणी. आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची, पुढे नाशिकला येऊन पॅकिंगच्या कामाला लागली. शाळेत मी 'शे' गिळून 'आहे' म्हणायला शिकले. भाषा अशी शिकता येते हे तेव्हाच कळलं. पुढे तोच माझा धंदा झाला. गाणं कानाने उचलायचं, शब्द देवनागरीत कार्डावर उतरवायचे, श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल खूण, अर्थ मागच्या बाजूला. लोकांना वाटायचं मला सगळ्या भाषा येतात. भीती वाटली की एकच यायची.

सातपूरच्या कार्यक्रमानंतर सरांनी त्या वाक्याचा आयटम केला. दुसऱ्या गाण्याआधी ते विचारायचे, "मॅडम, काय वाटतं?" मी घाबरल्यासारखं करून म्हणायचं, "माले भ्याव वाटस." ढोलकीवर एक थाप, आणि हशा. मी कुरकुरले तर म्हणाले, अगं, लोक प्रेमाने हसतात, तुझी ओळख झालीय ती. खरंच झाली होती. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षासाठी उभी असताना कॉलेजची पोरं ओरडून गेली, "ओ मॅडम, भ्याव वाटस का?" त्या आयटमचा व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता. माझं तमिळ गाणं कोणी पाहिलं नव्हतं.

घाबरल्यासारखं करायची गरज मला कधी पडलीच नाही. त्या प्रश्नाच्या आधीच्या गाण्यातच मी खरोखर घाबरलेली असायचे. माइक हातात घेतला की अंगठा आपोआप बटणावर जायचा. आईशी बोलायचं असलं की आधी बटण बघायचं. मग तिच्याशी बोलणंच कमी केलं. तीही गप्प झाली. एकदा घरी भाकरी थापताना एवढंच विचारलं, "मन्हामुये हासनात का त्या लोके?"

तिच्यामुळे हसले का. मी तव्यावरची भाकरी उलटली.

मग कार्यक्रमाची एक सुपारी सटाण्याची आली. गाडी चांदवडला चहाला थांबली तेव्हा मी नेहमीप्रमाणे सरांना गाण्यांचा क्रम विचारला. ते म्हणाले, "आज तो भ्याव वाटसचा आयटम नको. इथे सगळे तसेच बोलतात. चिडतील."

चहा माझ्या हातात निवला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. प्रेमाने हसतात म्हणणारा हा माणूस, ज्यांच्यावर हसायचं त्यांच्या गावात तोंड उघडणार नव्हता. भीती त्यांनाही वाटत होती. फक्त त्यांची भीती कुणी माइकवर घेतली नव्हती.

त्या कार्यक्रमात आई पडद्यामागे थांबली नाही. पुढे बायकांत जाऊन बसली आणि बोलत राहिली, हातवारे करत, खळखळून. तिला असं बोलताना मी फार दिवसांनी पाहिलं. स्टेजवरून पाहिलं, आणि ओळ विसरता विसरता वाचले.

पुढचा कार्यक्रम नाशिकच्या एका हॉटेलात, लग्नाच्या संगीताचा. दुसऱ्या गाण्याआधी सर हसत आले. "मॅडम, काय वाटतं?"

ढोलकीवाल्याचा हात वर. समोरचे मोबाइल वर. उद्या काम नसेल, हे दिसत होतं. आईचं कसं होईल, तेही.

मी म्हटलं, "ते मी माझ्या आईला म्हटलं होतं. तुम्हाला नाही."

कुणीच हसलं नाही. सर पुटपुटले, "नाटकं करू नकोस, गा." मी वादकांकडे पाहिलं, ते सरांकडे पाहत होते. सरांनी वाजवायची खूण केली नाही. मी माइक स्टँडला लावला, स्टेजच्या कडेला उभ्या आईच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली उतरले. पार्किंगमध्ये मला उलटी झाली. आई पाठ चोळत होती.

कामाचे फोन बंद झाले. शहरातल्या बाकीच्या ऑर्केस्ट्रांनाही सरांचा निरोप गेला होता: बाई डोक्याने गरम आहे. आज माझा स्वतःचा वादकांचा छोटा संच आहे. कार्डं तीच, लाल खुणा त्याच. त्यात अहिराणी गाण्याचं एक कार्ड वाढलं. त्याच्या मागे अर्थ लिहावा लागत नाही.

भीती गेलेली नाही. पण आता बटण बघत नाही. माइक चालू असला तरी आईला जे सांगायचं ते सांगते, तिच्या भाषेत, पूर्ण आवाजात. समोर हशा आला तर गाणं थांबेल. हसणं संपेपर्यंत मी तिथेच उभी राहीन, कापत का होईना, आणि तोवर पुढची ओळ कोणालाही मिळणार नाही. कुठल्याच भाषेत.