नाकावरचा रुमाल

गवताच्या कंपनीच्या त्या एजंटचं नाव मी विचारलं नाही, पण त्याचा परीटघडीचा पांढरा रुमाल आठवला की अजून डोकं तापतं. नाचणगावच्या आमच्या वावरात ज्वारीऐवजी गवत लावा, म्हणून तो बाबांच्या मागे लागला होता. "काकाजी, कारखान्यात कोळशाच्या जागी हे गवत जाळतीन. हवा एकदम साफ!" आणि दर कापणीनंतर युरिया फेका, हेही त्याच दमात.

मी घरातला पहिला बी.एस्सी. गप्प कसा बसणार? म्हटलं, "युरिया टाकला की जमिनीतून एक वायू निघतो. तो हवा धुराहून कितीतरी जास्त तापवतो. त्याचं काय?"

तो हसला. "दिसते का तो? जो दिसत नाई, त्याची कायले फिकर?"

मग नमुना दाखवायला त्यानं गाडीवरचं युरियाचं दमट पोतं सोडलं आणि भपकारा येताच रुमाल नाकाला लावला.

"काऊन भाऊ," बाबा म्हणाले, "तुमच्या नाकाले दिसला वाट्टे! जा, आमच्या वावरात ज्वारीच राहीन."

तो उग्र वास खरं तर दुसऱ्याच वायूचा, अमोनियाचा होता. पण बाबांची ती चूक मी दुरुस्त केली नाही.