नवरदेवाची सावली

माझ्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मोडायचा माझा अजिबात विचार नव्हता. मी फक्त मुलीला समरूप त्रिकोण शिकवत होते.

मुलगी म्हणजे ओवी. वय वर्षं दहा. शाळेत तिचं गणिताचं पुस्तक दिवाळीच्या आतच संपायचं आणि उरलेलं वर्ष ती बाईंच्या चुका काढण्यात घालवायची. शेवटी बाईंनीच हात टेकले, आणि आम्ही तिला वर्षभर घरीच शिकवायचं ठरवलं. आता ज्या लातुरात गावोगावची पोरं खोल्या करून शिकायला राहतात, तिथं आम्ही आमची धडधाकट पोरगी शाळेतून काढली म्हटल्यावर गल्लीतल्या बायका हळूच विचारायच्या, "बरी हाय ना ओ पोरगी?"

"हाव, लईच बरी हाय," मी म्हणायची. "तीच तर अडचण हाय."

गणित माझ्या वाट्याला आलं, कारण मी बी.कॉम. आहे (आमच्या घरात तेवढं पुरतं). आणि मी कुठंतरी ऐकलं होतं की हुशार पोरांना गणित मजेत शिकवावं. ज्यानं कुणी हे सांगितलं, त्याला स्वतःची पोरं नसावीत. पहिल्यांदा मी भाकरीवर अपूर्णांक शिकवले. ओवीला एका भाकरीचे सात समान भाग हवे होते. ते समान होईपर्यंत भाकरीचा काला झाला आणि माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी मुकाट्यानं डब्यात बिस्किटं नेली.

मग मी तिला सावलीवरून उंची काढायला शिकवलं. पडद्याचा जुना दांडा बरोबर एक मीटरचा कापून दिला. दांडा उन्हात सरळ उभा करायचा, त्याची सावली मोजायची. मग झाडाची सावली मोजायची. झाडाच्या सावलीला दांड्याच्या सावलीनं भागलं की झाडाची उंची हातात. किती सोपं, किती मजेशीर!

पोरीला वेडच लागलं. तिनं विजेचा खांब मोजला, कडुलिंब मोजला, शेजारच्या काकांची पाण्याची टाकी मोजली, आणि टाकी बघायला वर चढलेले काकाही मोजले. मी मागून खडू आणि टेप घेऊन फिरत होते. आठवड्याभरात अशी वेळ आली की आमच्या घरासमोर उन्हात कुणी उभं राहीना. आणि मी इतकी थकले की पाठ टेकायला मिळाली तर माझीही सावली मोजून घ्यायची माझी तयारी होती.

अशात पूजाला स्थळ आलं.

पूजा माझी धाकटी नणंद. नोकरी चांगली, स्वभाव चांगला, फक्त उंच. त्या उंचीपायी कितीतरी स्थळं उंबऱ्यावरूनच माघारी गेली होती. पाहुणे आले की सासूबाई तिला दारातच बजावायच्या, "जरा वाकून चाल गं." बिचारी चहाचा ट्रे घेऊन अशी यायची की पाहुण्यांना वाटावं, हिचं काहीतरी खाली पडलंय.

हे स्थळ उदगीरचं होतं. कापडाचं जुनं दुकान. मुलगा महेश शांत होता, कारण त्याच्या वाटचं सगळं त्याचे मामाच बोलत होते.

"आमचं पोरगं पाच फूट आठ हाय," मामा म्हणाले. "मोजलं तर जास्तच भरंल, कमी न्हाई."

"आमची पूजा पाच-चार," सासूबाई म्हणाल्या.

मी मान खाली घालून सगळ्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला वाढत राहिले.

थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "पोरापोरीला गच्चीवर बोलू द्या जरा." दोघं वर गेली. ओवीला घराबाहेर नेण्याचं काम नवऱ्याकडं होतं. तो जिलेबी आणायला एकटाच निघून गेला होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा कोपऱ्यातला दांडाही जागेवर नव्हता.

दुपारचं ऊन कलतं होतं. म्हणजे सावल्या झकास पडलेल्या. मी उठणार, तोच ओवी जिन्यावरून खाली आली. खांद्यावर दांडा, हाताला खडू.

"मम्मी, उत्तर जुळंना."

"आपण नंतर बघू, बाळा."

"नवरदेव काका एक मीटर पासष्ट येतायत. म्हणजे पाच फूट पाच. हे आजोबा तर पाच-आठ म्हणाले."

मामांची बशी तोंडापर्यंत जाता जाता थांबली.

"म्हंजे आमी मापात मारलं म्हणता?" मामांनी आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "तीन पिढ्या कापड मोजायलो आमी. उदगिरात कुणालाबी विचारा. आमच्यात मापात पाप न्हाई."

"तसं नाही ओ मामा," मी घाईघाईनं म्हणाले. "आमच्या गच्चीला पाणी जायला उतार आहे. त्यानं सावली वेडीवाकडी पडते."

ओवीनं माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. "मम्मी, तोच उतार दांड्यालाही लागला की. भागाकारात जातो तो. तूच शिकवलंस."

हो. मीच शिकवलं होतं. सासूबाईंनीही ते ऐकलं, आणि त्यांची नजर माझ्यावर अशी स्थिरावली की मला माझं माहेर, नांदेड, गाड्यांच्या वेळांसकट आठवलं.

मामा उठले. "महेशला हाक मारा. निघतो आमी."

सासूबाईंचे डोळे भरून आले. कितीदा तरी हा दिवाणखाना असाच रिकामा होताना त्यांनी पाहिला होता, आणि या खेपेला तर खुद्द घरच्या पोरीनंच दार उघडून दिलं होतं. मला जमीन दुभंगून हवी होती. कितीही मीटर चाललं असतं.

"थांबा ना आजोबा," ओवी म्हणाली. "आमच्या आजीचंही चुकलंय."

"तुज्या आजीचं काय चुकलं?"

"ती म्हणाली आत्या पाच-चार. आत्या एक मीटर अडुसष्ट आहे. म्हणजे पाच-सहा."

मामा उभ्याउभ्या सासूबाईंकडं बघत राहिले. सासूबाई पदर सावरायला लागल्या. तो नीटच होता.

"आस्सं," म्हणत मामा पुन्हा बसले. "म्हंजे आमी तीन इंच ताणलं, अन् तुमी दोन इंच कापलं."

"कापड हाय ओ भाऊ," सासूबाई खालमानेनं म्हणाल्या. "धुतल्यावर जरा आटतंयच की."

मामांची मिशी हलली. ती हसण्यानं हलली की रागानं, ते कळायच्या आत पूजा आणि महेश खाली आले. खोलीतले चेहरे बघून महेश काय ते समजला.

"मामा, मी तुमाला येताना गाडीतच म्हणलं होतं. पाच-पाच सांगा."

"मला तर वर गेल्या गेल्या त्यांनी पहिलं हेच सांगितलं," पूजा म्हणाली. "मग मी बी माझं खरं सांगितलं. ओवी तिथं दांडा घेऊन उभीच होती. म्हणलं, घे बाई दोघांचं माप, एकदाचं."

"अगं, पण तू असं कसं..." सासूबाई म्हणाल्या.

"आई, वाकून वाकून पाठ दुखायली माझी," पूजा म्हणाली, आणि पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच ताठ उभी राहिली. महेशपेक्षा ती इंचभर उंच होती. तो तिच्याकडं वर बघून हसला. ती म्हणाली, "ह्यांना चालतंय. मला बी चालतंय."

ती 'ह्यांना' म्हणाली, तिथंच सगळं ठरलं. सासूबाईंनी डोळे पुसले. मामांनी बशी परत उचलली आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय. आमच्या दुकानाला पाठवा सुट्टीत." तेवढ्यात नवरा जिलेबी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "काय झालं?" सगळ्यांनी आधी जिलेबी घेतली.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी एका वाक्यात अभ्यासक्रम बदलला. "लग्न पार पडंस्तोवर घरात गणित नको." दुसऱ्या दिवशी मी नागरिकशास्त्र काढलं. त्यात मोजण्यासारखं काही नसतं. तर पहिलाच धडा निघाला माहितीच्या अधिकाराचा. बैठकीत देण्याघेण्याची बोलणी अजून व्हायची होती. मी पुस्तक मिटलं आणि ओवीपुढं रंगपेटी ठेवली.

दिवसभर घरात शांतता होती. मी चक्क दुपारची झोपले. संध्याकाळी तिनं आमच्या सगळ्यांचं चित्र काढून आणलं. "अगदी प्रमाणात आहे हं," म्हणाली. सासूबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या त्यातली माणसं दाखवतात. मी कोण, ते दाखवावं लागत नाही. चित्रात अर्धा कागद व्यापून जी बसली आहे, ती गणिताची बाई.