ही चाल कुणाची?

लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याला कचेऱ्या, पाट्या आणि साहेब लागले. पुढच्या वर्षी एक कलावंतही लागला. जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाचा कार्यक्रम अशा स्थानिक माणसाने सुरू करावा, ज्याच्या संगीताचा जिल्ह्यावर सर्वात जास्त प्रभाव आहे, असं समितीनं ठरवलं.

रेणापूरच्या व्यंकटी सोनकांबळेला ती जागा हवी होती आणि तसं तो उघड सांगत होता.

बहात्तरच्या दुष्काळात गावची माणसं खडी फोडायला गेली, तेव्हा व्यंकटी सिकंदराबादला गेला. तिथे हॉटेलांत वाजवणाऱ्या एका रॉक बँडचे स्पीकर उचलायचं काम मिळालं. उचलता उचलता गिटार शिकला. परतला तो जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन, आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवू लागला. लातुरात माइक सेट भाड्याने देणारे गुरुपादप्पा तेव्हा म्हणाले होते, "दुष्काळात गेला आन् राख घेऊन आला." रॉकची राख झाली ती कायमची. पण वरातीत त्याने स्वतः बसवलेली एक चाल लोकांनी उचलली. आसपासचे बँडही ती वाजवू लागले.

निवडीचं काम अमृतरावांकडे होतं. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि घरी रॉकच्या तबकड्या ऐकत. गुरुपादप्पांच्या दुकानात त्यांचा जुना वाद चाले. अमृतरावांच्या मते कुठला गिटारवाला थोर हे आवडीवर सोडायचं कारण नव्हतं. त्याच्यामुळे किती जण कसे वाजवू लागले, हे तपासता येतं. गुरुपादप्पा म्हणत, चटणी कुणाला तिखट लागते, कुणाला न्हाई. तिला कसली फुटपट्टी लावता? शिवाय ज्याला माइक चांगला मिळतो, तोच मोठा होतो.

व्यंकटीने, दोघांच्याही अपेक्षेविरुद्ध, अमृतरावांची बाजू घेतली. "मोजा सर. आवडीवर सोडलं तर रेडिओवर गाणाऱ्यालाच जागा मिळणार. पण मोजायचं तर बाजारात येऊन मोजा."

अमृतराव रेणापूरच्या बाजारात गेले. व्यंकटीच्या चालीची टेप लावून त्यांनी माणसांना विचारलं: ही चाल कुणाची? बहुतेकांनी एकच उत्तर दिलं. गुरुपादप्पाची. काहींनी ज्याच्या लग्नात ऐकली त्या नवरदेवाचं नाव सांगितलं. आपल्याकडे वरातीतलं गाणं ज्याचा माइक त्याचं असतं, हे अमृतरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या मोजणीप्रमाणे जिल्ह्यातले सर्वात प्रभावी कलावंत गुरुपादप्पा ठरत होते, आणि गुरुपादप्पांना आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नसे.

दुकानात लोक पोट धरून हसले. गुरुपादप्पांनी सत्कारासाठी फेटा कोणता बांधू, असंही विचारून घेतलं. व्यंकटी हसला नाही. पुढच्या बाजाराला तो स्वतः गेला, ट्रकच्या बॅटरीवर स्पीकर लावला, गिटारवर चाल सुरू केली आणि अर्ध्यावर तोडली. अमृतराव शेजारी उभे होते.

भाजी विकणाऱ्या चांगुणाबाईंनी मान वर न करता उरलेली चाल गुणगुणून पुरी केली. मिरचीवाल्यानेही केली. व्यंकटीने पुन्हा वेगळ्या जागी तोडली. ती जागाही बायकांनी भरली. अमृतरावांनी चांगुणाबाईंना विचारलं, ही चाल कुणाची?

"कुणाची म्हंजी? आमचीच हाय. खुरपताना म्हणतो की आमी."

"ह्यांनी बसवलीय," अमृतराव व्यंकटीकडे बोट करून म्हणाले.

चांगुणाबाईंनी त्याला नीट पाहिलं. "आसंल. पर मधी लई घाई करायलाय त्यो."

अमृतरावांनी समितीला स्पष्ट कळवलं: प्रभाव निर्विवाद, नावलौकिक नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि प्रभाव तपासता येतो. समितीनं ते मान्य केलं आणि जागा रेडिओवरच्या गायकाला दिली. निमंत्रणावर लोकांना ओळखीचं नाव हवं, असं कारण दिलं. पाहुणे येईपर्यंत वाजवत बसायला व्यंकटीला बोलावलं होतं. तो गेला नाही.

त्याने दुसरी गोष्ट केली. भीमगीतात शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव ओवतो, हे तो लहानपणापासून ऐकत होता. गिटारला कडवं नसतं. म्हणून त्या लग्नसराईपासून प्रत्येक वरातीत ती चाल वाजवण्याआधी तो माइक हातात घेऊन म्हणे, "व्यंकटी सोनकांबळे, रेणापूर." वरबाप चिडत. लग्न तुझं आहे का, असं एकाने विचारलं. दोन लग्नांच्या सुपाऱ्या गेल्या. माइक माझा आहे, बंद करीन, असं गुरुपादप्पांनी बजावलं. बंद मात्र कधी केला नाही.

काही वर्षांनी अमृतराव निलंग्याला एका लग्नात होते. वरातीतली पोरं दुसऱ्याच बँडला फर्माईश करत होती: "रेणापूर वाजवा, रेणापूर." परतल्यावर त्यांनी ते व्यंकटीला सांगितलं. चालीला नाव मिळालं होतं, पण गावाचं.

व्यंकटी तारा बदलत होता. त्याने काम थांबवलं नाही.

"गाव आधी पोचलं," तो म्हणाला. "आता नुसतं नाव सांगतो."