भट्टीवरून येणारं उत्तर

दुजोरा मिळाल्याशिवाय बातमी खरी मानायची नाही, ही दैनिकात बातमीदारी करताना लागलेली सवय. त्यामुळे भुताखेतांचे अनुभव मी कायम हसण्यावारी नेले. हा प्रसंग मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली लोखंड ओतायची एक फौंड्री. माझा आतेभाऊ संजय तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा. भट्टी थंड ठेवणारं पाणी तापलं की ऑफिसचा सर्व्हर भट्टीजवळच्या कॉम्प्युटरला विचारायचा – ‘पाणी बघितलं का?’ भट्टीवाले दस्तगीरभाई पाइप तपासून बटण दाबायचे, मग ‘बघितलं’ असं उत्तर जायचं. तोवर भट्टी बंद.

मालकांना ते थांबणं नको होतं. त्यांच्या हुकमावरून संजयने सॉफ्टवेअरमधला नियम बदलला... प्रश्न आला की कॉम्प्युटरनेच ‘बघितलं’ म्हणायचं.

“संजूभाऊ, मी हितं चा पितोय आन् ह्यो म्हणतोय बघितलं!” दस्तगीरभाई हसले. “माझा पगार ह्येलाच द्या की.”

“मालकास्नी सांगा.”

“सांगितलं की. म्हणाले, तुला लई कळतंय!”

पुढे एका दुपारी पाइप फुटला, पाणी वितळलेल्या लोखंडात गेलं. स्फोटात दस्तगीरभाई गेले. कंपनीने नोंद दाखवली – अपघाताआधी भट्टीवरून ‘बघितलं’ असं उत्तर आलं होतं. दोष त्यांच्यावर आला. आमच्या दैनिकाने तसंच छापलं. नोकरी जाईल या भीतीने संजय गप्प राहिला.

दस्तगीरभाईंची बायको, कुलसूमभाभी, आमच्या दैनिकाच्या ऑफिसात आल्या. “न बघता बघितलं म्हणणारं माणूस नव्हतं ते, भाऊ. एवढं तरी छापा की.”

भट्टी पुन्हा सुरू झाल्यावर संजयने मला फौंड्रीत बोलावलं. पाणी तापलं, प्रश्न गेला. स्क्रीनवर उत्तर आलं – ‘न्हाय बघितलं, मालक.’

भट्टीजवळ कुणी नव्हतं. संजयने नियम उघडून दाखवला, त्यात फक्त ‘बघितलं’ होतं. तो पुसून नव्याने लिहिला. दुसरा कॉम्प्युटर बसवला. उत्तर तेच – ‘न्हाय बघितलं, मालक.’

मी संपादकांना सगळं सांगितलं.

“कॉम्प्युटर बोलला म्हणून बातमी लावू?” ते म्हणाले. “दुजोरा कुणाचा?”

मी संजयचं नाव घेतलं. संपादकांनी लावलेला फोन संजयने उचललाच नाही.

ते उत्तर कुठून येत होतं, मला आजही सांगता येत नाही. भाभींना काय सांगायचं, तेही कळत नाही. उत्तर बदलेना आणि त्यापायी भट्टी बंद राहायला लागली, तेव्हा मालकांनी प्रश्नच काढून टाकायला लावला. त्यानंतर भट्टी कुणाला काही न विचारता चालू राहिली.