वायर निघाली की येणारा माणूस

बबनराव गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या घरातलं इंटरनेट अगदी उत्तम चालू होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या हकिगतीत तेच महत्त्वाचं आहे. दुपारचे बारा वाजून गेले होते. भोर-वेल्ह्यातल्या आम्हा निवृत्तांच्या ग्रुपवर त्यांच्या पुतण्याने दोन ओळी टाकल्या होत्या : काका पहाटे झोपेतच गेले, अंत्यविधी गावीच, पासलीत उरकला. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एकाने गडबडीत वाढदिवसाचा केक टाकला आणि मग पुसला. पुसल्याची पाटी मात्र राहिली. मीही काहीतरी लिहावं म्हणून ‘भ’ टाईप केला, तर फोनने लगेच ‘भावपूर्ण’ पुढे केलं आणि त्याच्यामागून, न मागता, ‘श्रद्धांजली’. बबनराव या सोयीला पारावरचा माणूस म्हणायचे. आपण बोलायला तोंड उघडलं की आपलं वाक्य तोच पुरं करतो, आणि चुकीचं करतो. या वेळी फोन चुकला नव्हता. मी लिहिलेलं खोडलं, फोन पालथा ठेवला आणि बसून राहिलो…

बबनराव टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मी भोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आमची ओळख झाली ती ग्रंथालयातला फोन आठवडाभर मुका झाला तेव्हा. खांद्यावर वायरीचं वेटोळं घेऊन हा काळासावळा, रुंद हातांचा माणूस आला, दहा मिनिटांत फोन बोलता केला, आणि मग तासभर कपाटांमधून फिरत राहिला. जाताना विचारलं, “सर, ह्यातली तुमी किती वाचलीत?” एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. प्राचार्यांनी तर नाहीच. मी खरा आकडा सांगितला. तो फारसा मोठा नव्हता. ते हसले आणि एक पुस्तक मागून घेऊन गेले. ते परत करायला आले, दुसरं नेलं, आणि असं करता करता आम्ही दोघे निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर खांबावर चढणं सुटलं, पण वायर सुटली नाही. वेल्हे खोऱ्यात घरोघरी नेट येऊ लागलं तसे लोक त्यांना बोलावू लागले, आणि ते हौसेने जात. विंझरपासून वरच्या वाड्यांपर्यंत कुणाचा राउटर कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ होतं आणि प्रत्येकाच्या जागेबद्दल त्यांचं प्रतिकूल मत होतं. लोक ती डबी शोकेसमध्ये ठेवतात, तिच्यावर लोकरीचा रुमाल घालतात, आणि मग आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतात. एका घरात ती लोखंडी कपाटाच्या मागे होती, का तर पाहुण्यांना दिसू नये. “चिमनी पेटवून दान्याच्या कनगीत ठिवायची आन् उजेड का पडंना म्हनायचं,” असा बबनरावांचा शेरा होता. अपडेटबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच, की चालू आहे ते बिघडवण्याला शहरात सुधारणा म्हणतात. मी पुस्तकी माणूस, मी विरुद्ध बाजू घ्यायचो. सुरक्षितता, नवी सोय वगैरे. वाद घालण्यापुरतं मला या विषयात सगळं येत होतं. फक्त कुठली वायर कुठे जाते हे येत नव्हतं.

एका गावात (नाव कशाला घ्या) चावडीसमोर फुकट वायफायचं उद्घाटन होतं. मंडप, फीत, चार भाषणं. प्रमुख पाहुण्यांनी राउटरला हार घातला. हार ओला होता. नंतर नारळ फुटला आणि त्याचं पाणीही योग्य त्या दिशेनेच उडालं. कोनशिला अजून उत्तम स्थितीत आहे. बबनराव त्या सभेत मागे उभे होते. मला म्हणाले, “आमच्या खात्यात तार जोडली की पलीकडच्या मानसाला इचारायचं, ऐकू येतंय का. हितं समदे बोलत्यात, इचारत कुनीच न्हाई.”

माझ्या फोनमध्ये त्यांनी एकदा काहीतरी घालून दिलं तेव्हा अटींचं लांबलचक पान आलं. मी ‘मान्य आहे’वर बोट टेकवणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “सर, तुमी आयुष्यभर पोरास्नी वाचायला सांगितलं. आन् आता न वाचता अंगठा?” मग आम्ही चहा ठेवला आणि दीड तास ते सगळं वाचून काढलं. मी मोठ्याने वाचत होतो, ते मध्ये मध्ये अर्थ विचारत होते. शेवटी एक कलम आलं, की वरीलपैकी काहीही कंपनी केव्हाही बदलू शकते. बबनरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “दाबा.”

आता कबुलीची गोष्ट.

बायको गेल्यानंतर मी या घरात एकटा राहतो. मुलगा बेंगळुरूला असतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मी नीट दिसतोय, नीट ऐकू येतंय, याची खात्री होईपर्यंत पाच-सात मिनिटं जातात आणि मग बोलण्यासारखं विशेष उरत नाही. त्यानेच हट्टाने नेट घेऊन दिलं होतं. पहिल्या पावसाळ्यात ते एकदा खरोखर बंद पडलं. मी पासलीला निरोप दिला. बबनराव दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने वेल्ह्याला, तिथून नसरापूरला, आणि तिथून मिळेल त्या गाडीने भोरला, असे जेवणाच्या वेळेला दारात उभे राहिले. बिघाड पाच मिनिटांचा होता. पण एवढ्या लांबून आलेला माणूस पाच मिनिटांत कसा जाणार? जेवण झालं, चहा झाला, तिसऱ्या प्रहरापर्यंत गप्पा झाल्या. ते गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की मी टीव्ही लावला आणि तो न बघता बसलो.

महिन्याभराने मी राउटरची वायर स्वतः काढली.

काही अवघड नव्हतं. हिरव्या टोकाची बारीक वायर, ओढली की निघते. लाल दिवा लुकलुकायला लागतो. निरोप दिला, ते आले. पालथे पडून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तपासलं आणि म्हणाले, “उंदीर असंल.” पुढच्या वेळी झुरळ होतं. मग भिंतीची ओल, मग समोरच्या रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर, ज्याच्या हादऱ्याने वायर सैल होते. दर वेळी नवं कारण. मला मनातून त्यांची कीव यायची, की तीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये. संशय येऊ नये म्हणून मी वायर काढण्यात नियमितपणा ठेवत नसे. कधी महिन्याने, कधी दीड महिन्याने. गुन्हेगार सवयीने पकडला जातो हे मी पुष्कळ पुस्तकांत वाचलं होतं. तुम्ही म्हणाल, सरळ ‘या’ म्हणून फोन का नाही केला? बबनराव फोनवर तीन वाक्यांत आटपणारा माणूस. आणि मी… दोन म्हातारे पुरुष, एकाने दुसऱ्याला काय सांगायचं? करमत नाही, म्हणून? वायर निघाली, हे सांगता येतं.

आणि मी पासलीला का गेलो नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. बिघाड माझ्याकडे व्हायचा. त्यांच्याकडचं नेट कधी बंद पडत नसे.

या उन्हाळ्यात ते शेवटचे आले. या वेळी हातात नेहमीच्या पिशवीऐवजी जुनी खात्याची झोळी होती. जिना चढताना दोनदा थांबले. मी विचारलं तर म्हणाले, वय झालं. पाणी प्यायले आणि बसले नाहीत, कामाला लागले. टेबलावरचा राउटर काढून पार दाराच्या चौकटीवर, छताच्या हाताभर खाली पक्का ठोकला. नवी वायर आणली होती. ती कोपऱ्याकोपऱ्याने, भिंतीला चिकटून, खिळ्याच्या क्लिपा मारत वरपर्यंत नेली. मला स्टूल धरायला लावलं. उन्हात खपून आल्यासारखा घाम येत होता त्यांना, आणि मला, खरं सांगायचं तर, राग येत होता. तिथवर माझा हात पोचणार नव्हता. माझे गुडघे मला स्टुलावर चढू देत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. काम संपल्यावर त्यांनी वायरीला एक हलकासा हिसका देऊन बघितला.

“आता ही निघायची न्हाई, सर.”

मी म्हटलं, “उंदरांचं काय?”

“उंदीर आता म्हातारा झाला,” ते म्हणाले, आणि झोळी आवरायला वाकले.

दोन घास खाल्ले, चारची गाडी धरली. मी खिडकीतून बघितलं. त्यांनी वळून हात केला. मी केला की नाही, आता आठवत नाही.

नंतरचे सहा आठवडे माझ्याकडचं नेट एकदाही गेलं नाही. मी रोज दाराच्या वर बघायचो, तो हिरवा दिवा अखंड जळत असायचा. एकदा स्टूल आणून खाली ठेवलंही. मग उचलून परत ठेवलं. मनाशी म्हणायचो, हुशारी करायला गेला माणूस, आता बसा. कुणाला उद्देशून म्हणत होतो, देव जाणे. निरोप द्यायला कारण नव्हतं, म्हणून निरोप दिला नाही.

दहाव्याला पासलीला गेलो. उलट्या दिशेने, त्यांच्याच वाटेने. नसरापूरला गाडी बदलली, वेल्ह्याला पुढच्या गाडीसाठी पाऊण तास उभा राहिलो. कंबर धरली, पाय सुजले. हा माणूस हे वर्षातून आठ-दहा वेळा करत होता, आणि येऊन पुन्हा माझ्या टेबलाखाली पालथा पडत होता… विधी उरकले, पाहुणे पांगले. बबनरावांच्या पत्नी, सुमनवहिनी, ओट्यावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो आणि ठरवून ठेवलेलं बोललो. म्हटलं, वहिनी, मला एक सांगायचंय. माझी वायर कधी आपली आपण निघत नव्हती. मीच काढायचो. त्यांना इतक्या लांब मी फुकट हेलपाटे घातले, तब्येत बरी नसताना.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. नवल वाटल्यासारखं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

“ठावं हाय की, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “ह्ये पैल्यापास्नं सांगायचे. ती वायर आपसूक कदी निघत न्हाई म्हनं, वढावी लागती. तुमचा निरोप आला की म्हनायचे, सरांना करमंना झालंय, सदरा काड.”

त्या पुढे सांगत राहिल्या, खाली बघत, पदराचं टोक चाचपत. चैत्रात डॉक्टरने तपासून गाडीचा प्रवास बंद करायला सांगितला होता. वहिनी म्हणाल्या, मग तसा फोन करून टाका. त्यांनी ऐकलं नाही. एकदा जाऊन पक्कं काम करून येतो म्हणाले.

“म्हनले, न्हाईतर सर वायर काडून बसतील आन् माझी वाट बघत ऱ्हातील.”

आतल्या घरात कुणीतरी भांडी विसळत होतं. त्यांनी तिकडे कान दिला, पुन्हा माझ्याकडे वळल्या.

“आन् म्हनले, आता त्यास्नी निमित्त ऱ्हायलं न्हाई. आता आपल्या पायानं हिकडं येतील. लई दिस दुपारची गाडी आली का हितं येऊन बसायचे.” मग अगदी साधेपणाने, दोष न देता, त्यांनी विचारलं, “तुमी का आला न्हाई, भाऊजी?”

गुडघ्यांचं सांगता आलं असतं, पण त्याच गुडघ्यांनी मी दहाव्याला गेलोच होतो.

परतल्यापासून मी तो राउटर बघतो म्हणण्यापेक्षा त्याच्यापर्यंत गेलेली वायर बघतो. उद्योग नसलेला माणूस भिंतीकडे पुष्कळ बघतो. क्लिपा एका रेषेत आहेत, आणि कुठल्याही लागोपाठच्या दोन क्लिपांमधलं अंतर अगदी सारखं आहे. त्या दिवशी त्यांच्याकडे पट्टी नव्हती. शेवटी लक्षात आलं, की ते प्रत्येक क्लिपेआधी डाव्या हाताची चार बोटं भिंतीवर आडवी टेकवत होते, आणि बोटांच्या कडेला खिळा मारत होते. खांबावरच्या कामाची सवय असणार ती. खालच्या क्लिपांपर्यंत माझा हात पोचतो. काल मी त्यांच्यामध्ये माझी चार बोटं आडवी ठेवून बघितली. जागा थोडी उरते.