मला अहिराणी येत नाही

नर्सच्या नोकरीला लागल्या लागल्या मी एक महामूर्खपणा केला, नातींना तो अजून सांगितलेला नाही. गुजरातेत, लिंबायतच्या दवाखान्यात मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, मला अहिराणी येत नाही, मी गुजराती. जन्म धुळ्याचा, पण तोरा बघा. नोकरीचा मला पहिल्याच आठवड्यात वीट आला होता. खानदेशी पेशंट 'आपली पोर' म्हणून पाय दाबायलाही मलाच हाक मारत. म्हटलं, हिला समजतच नाही म्हटल्यावर हाक मारून करतील काय?

पाय मोडलेल्या एका म्हातारीनं याचा पुरेपूर फायदा घेतला. आठ दिवस ती सुनेजवळ अहिराणीत माझं नाक, माझं चालणं, माझं खानदान काढत होती. आणि मी शहाणी, चादर बदलता बदलता गुजरातीत विचारत होते, "शुं कह्युं, बा?" आतून तिचा गळा दाबावासा वाटे.

नवव्या दिवशी ती सुनेला म्हणाली की काल नवं प्लास्टर घातल्यापासून बोटं बधिर झालीत, पण त्या भवानीला सांगू नको. प्लास्टर आवळलं होतं, उशीर झाला तर पाय जाणार. बोलले तर माझी अब्रू जाणार. खरं सांगते, तिची उशी नीट करेपर्यंत मी विचार केला. मग धावत जाऊन डॉक्टरांना आणलं, बोटं बधिर झाल्याचं सांगितलं. प्लास्टर कापलं, बोटं हलली.

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुले समदं समजे ना? चांगलं झायं. मन्या शिव्या वाया नही ग्यात."